आलूची पानं ती पाहायची

आलूवर दवाई मारायची तर वाकावं लागतं. हे मला माझ्या बायकोनं शिकवलं, आणि गावाला मी सांगितलं की मला आधीपासूनच माहीत होतं. माझी सगळी लाज एवढ्यातच आहे, म्हणून पहिल्यांदा तेच लिहून टाकतो. पुढं लिहायचा धीर राहिला नाही तरी एवढं कागदावर राहील.

मी चौथी शिकलेला, धानाचा माणूस. आमच्या मोहाडीकडं सगळे धानाचेच. धानावर दवाई मारताना माणूस ताठ चालतो. पाठीवर पंप, एका हातानं दांडा हलवायचा, दुसऱ्या हातात नळी, आणि बांधीतला चिखल तुडवत हात इकडून तिकडं फिरवत जायचं. वरून पडलं की खाली झिरपतं. रोग दिसला की मारायची, नाही दिसला तर पंप खुंटीला. माझ्या बापानं असंच केलं, मीही तीस-पस्तीस वर्षं असंच केलं. दवाई मारण्यात शिकण्यासारखं काही असतं हेच मला ठाऊक नव्हतं.

बायको लग्नाआधी तीन हिवाळे छिंदवाड्याच्या पठारावर मामाकडं राहिली होती. मामा तिथं आलूवाल्याकडं सालावर होता. ती सांगायची की तिथं वर थंडी अशी असते की सकाळी पानापानातून पाणी गळतं, आणि दोन दिवस आभाळ राहिलं की आख्खं वावर कोणी उकळतं पाणी टाकल्यासारखं काळं पडतं. तिथले लोक त्याला झुलसा म्हणतात, आपण करपा म्हणतो. तिनं पोरवयात असली वावरं मरताना पाहिली होती. मी कधीच पाहिली नव्हती. पण घरात शेतीचं बोलायचं म्हणजे मी बोलायचं, असा माझा कायदा होता.

विहिरीजवळच्या बाडीत आलू लावायचं तिनंच काढलं. धान निघाल्यावर ती जागा रिकामीच राहत असे. मी म्हटलं, लाखोळी टाकू, घरची डाळ होईल, त्रास नाही. तिनं ऐकलं नाही. बेण्याचे तुकडे तिनं स्वतः कापले, प्रत्येक तुकड्याला दोन डोळे ठेवले, राखेत घोळले आणि सावलीत सुकवले. मी खाटेवर बसून पाहत होतो. रोपं गुडघ्यापर्यंत आली तेव्हा मलाही ती बरी वाटायला लागली, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला मी दाखवू लागलो, जशी मीच लावली.

पौषात आभाळ आलं. ती रोज सकाळी चहाच्या आधी बाडीत जायची, खाली बसायची आणि पानं उलटी करून पाहायची. एखाद्या लेकराचे कान मागून पाहावेत तशी. एक दिवस परत आली आणि म्हणाली, आज दवाई मारा. मी बाडीत जाऊन पाहिलं. पानं हिरवीगार.

"रोग कुठं हाये?" मी म्हटलं.

"अजून नाही आला."

"मंग मारू कोणावर?"

"दिसल्यावर मारान तं थे दवाई नाही, तेरवीचं जेवण होईन," ती म्हणाली. "चाला, पंप घ्या."

तिनं बादलीत पिवळी भुकटी काडीनं ढवळली, तोंडाला पदर बांधला, मलाही दुपट्टा बांधायला लावला. मी पंप घेतला आणि धानावर मारतो तसा ताठ निघालो. दोन ओळी झाल्या असतील. ती मागून म्हणाली, "रोग खालून येते. तुमी वरून आंघोळ घालून राहिले." मग पुढं येऊन तिनं माझ्या हातातल्या नळीचं तोंड वर फिरवलं आणि मला वाकायला सांगितलं. पानाच्या खालच्या अंगाला दवाई बसली पाहिजे, आणि त्यासाठी पंपासकट कंबरेत वाकून, ओळीच्या पोटात हात घालून मारायची.

आमची बाडी रस्त्याला लागून. तिथून दूध घेऊन जाणारा एक जण थांबला आणि म्हणाला, "काय गा, आलूच्या पाया पडून राहिला का?" आणखी दोघं हसले. मी पंप खाली ठेवला आणि तिच्यावर ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही. पंप उचलून तिनं स्वतःच्या पाठीवर घेतला आणि उरलेल्या ओळी मारल्या. मी बांधावर उभा राहून बिडी ओढली.

त्या वर्षी गावात ज्यांनी ज्यांनी आलू लावले होते त्यांचे अर्धे गेले. आमचे राहिले. दुसऱ्या वर्षीपासून मी वाकून मारू लागलो, पण सकाळी, रस्त्यावर माणसं निघायच्या आत.

काम कसं चालायचं ते सांगतो. पानं ती पाहायची. आभाळ असलं की पाणी द्यायचं बंद ती करायची. कुठं पानाच्या काठावर ओला, तपकिरी डाग आला आणि सकाळच्या दवात पानाखाली पांढरी बुरशी दिसली, की ते झाड उपटून गोणपाटात घालून बाडीबाहेर ती न्यायची. मग पिवळी भुकटी नाही, पानाच्या आत शिरणारी दुसरी दवाई. तीही दरवेळी एकच नाही, बदलून. काढणीच्या आधी वेल कापून बाहेर काढायचे, म्हणजे वरचा रोग खालच्या आलूत उतरत नाही, हेही तिचंच. आज मारा, उद्या नको, वारा आहे, परवा मारा, असं ती सांगायची आणि मी मारायचो. दवाई मारणारा दिसतो. पानं पाहणारी दिसत नाही. गावानं मला पाहिलं.

तिसऱ्या का चौथ्या वर्षी करपा एवढा आला की आजूबाजूच्या गावांतही बाड्या काळ्या पडल्या. आमची हिरवी. कृषी ऑफिसातून दोन साहेब आले, फोटो काढले, आणि समाजमंदिरात शेतकऱ्यांची सभा लावली. मला पुढं बोलावून शाल आणि नारळ दिला. मग म्हणाले, अनुभव सांगा.

मी चांगला बोललो. एवढं चांगलं मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो. म्हटलं, धानासारखं वरून मारू नका, खालून मारा. म्हटलं, रोग यायच्या आधी मारा. म्हटलं, मी रोज सकाळी उठून पानं उलटी करून पाहतो. हे वाक्य मी तिच्याच हातांची नक्कल हवेत करून दाखवत बोललो. ती दाराजवळ बायकांत बसली होती. मी तिच्याकडं पाहिलं नाही.

कोणीतरी मागून विचारलं, "आन् आमची वैनी काय करते बाडीत?"

मी म्हटलं, "थे पाणी आणते, आन् मंग सयपाक करते."

सगळे हसले. बायकाही हसल्या. मग मी पाहिलं, तीही पदर तोंडाला लावून हसत होती. तेव्हा मला वाटलं, चला, तिलाही गंमत वाटली. आता वाटतं, तेवढ्या माणसांत बसलेल्या बाईनं दुसरं करायचं तरी काय.

घरी आल्यावर तिनं शालीची घडी करून पेटीत ठेवली आणि विचारलं, भात वाढू का. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पानं पाहायला गेली. मला वाटलं होतं, जाणार नाही. परत येऊन म्हणाली, उद्या मारा. मी मारली.

ती जाऊन आता दोन वर्षं झाली. भादव्यात ताप आला, मग छातीत पाणी झालं, भंडाऱ्याच्या दवाखान्यात अकरा दिवस होती. मी खाटेजवळ बसलेलो असायचो. ती जागी असायची, बोलायचीही. त्या अकरा दिवसांत, सभेत माझं चुकलं, असं मी तिला म्हणू शकलो असतो. दोनदा तोंडापर्यंत आलं. एकदा मी गाय आटली ते सांगितलं आणि एकदा डाळिंब सोलून देऊ का म्हणून विचारलं. ती गेल्यावर मी खूप रडलो, लोकांनी पाहिलं. पण त्यातलं काही रडणं दुःखाचं नव्हतं. आता तिच्यासमोर काळं तोंड घेऊन उभं राहायची पाळी येणार नाही, हेही कुठंतरी मनात होतं. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

मी आलू लावणं सोडलं. लोकांना म्हटलं, कंबर धरते. खरं म्हणजे पानं पाहणारं कोणी नव्हतं.

शेजारी एक सून आहे. तिचा नवरा नागपूरला बांधकामावर असतो, महिन्या-दोन महिन्यांनी येतो. सासू-सासरे नाहीत. नात्यानं लांबची, पण मला सासऱ्यासारखं मामाजी म्हणते आणि माझ्या बायकोला सासूसारखं आत्याबाई म्हणायची. बायको गेल्यापासून ही सूनच मला दुपारची भाजी आणून द्यायची. मागच्या हिवाळ्यात तिनं तिच्या बाडीत आलू लावले. माझा पंप मागून नेला. म्हणाली, मामाजी, तुमीच सांगा कवा मारायची थे, तुमच्या भरवशावर लावते.

मी म्हटलं, लाव बिनधास्त.

आभाळ आलं तेव्हा ती विचारायला आली. मी अंगणात खाटेवर होतो. मान वर करून मी आभाळाकडं पाहिलं, जसं मला त्यात काही वाचता येत होतं. म्हटलं, ऊन निघते, चार दिवस थांब. दोन दिवसांनी परत आली, म्हणाली सकाळी धुकं होतं. मी म्हटलं, थांब. तिसऱ्यांदा आली तेव्हा एक पान घेऊन आली. काठावर डाग होता. मी पान उलटं केलं. खाली पांढरं होतं का? होतं बहुतेक. माझे डोळे आता तेवढे चालत नाहीत, आणि चष्मा आणायला उठायचा मला कंटाळा आला. म्हटलं, हे दवाचं आहे, आता पिवळी भुकटी मार. ती घरी जाऊन एकटीच मारायला लागली. वरून मारली. खालून मारायची हे मी तिला सांगितलंच नव्हतं. सभेत शंभर माणसांना सांगितलं होतं, आणि दर दुपारी भाजी आणून देणाऱ्या बाईला सांगायचं राहिलं.

आठ दिवसांत बाडी गेली. वास यायला लागला. सडक्या आलूचा वास ज्यानं घेतला त्याला सांगायला नको. मी माझं दार लावून घेतलं.

चहाच्या टपरीवर कोणी विचारलं की तुमच्या शेजारणीचं असं कसं झालं, तुम्ही तर होते. मी म्हटलं, "बाईमाणसाच्या हातात पंप देल्ला की असंच होते."

लोक हसले. माझ्या तोंडून असं निघालं की लोक हसतातच, ही मला सवय होती.

तिचा नवरा संक्रांतीनंतर गावी आला आणि टपरीवर हे वाक्य त्याच्या कानावर गेलं. मला हे कळलं ते तिच्याकडून. ती पंप परत करायला आली. आतून-बाहेरून धुऊन, नळी गुंडाळून आणला होता. ओट्यावर ठेवला आणि म्हणाली, आता लागत नाही. नवऱ्यानं ठरवलं होतं की बाडी चुलतभावाला अधियानं, अर्ध्या वाट्यावर द्यायची आणि हिला नागपूरला न्यायचं, साइटवर घमेली उचलायला. जाऊन काही वाईट नाही, लोक जातात. पण ही बाई त्या बाडीत उभी राहिली की वेगळी दिसायची. मला ते माहीत होतं, कारण एक तशी बाई मी पाहिली होती.

ती चिडली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं. ओट्याच्या काठावर बसली आणि म्हणाली, "मामाजी, माहं काय चुकलं तेवढं सांगा. जाता जाता मालूम तं राहीन."

तिला खरंच वाटत होतं की तिचं चुकलं. मी म्हटलं, हवाच खराब होती. ती हो म्हणाली आणि गेली.

पंप ओट्यावरच होता. मी त्या दिवशी जेवलो नाही. मोठेपणानं नाही, भाजी आली नव्हती आणि चूल पेटवायचं मन नव्हतं. मी त्या पंपाकडं पाहत बसलो आणि मनात हिशेब मांडला की गप्प राहिलो तर काय होईल. काहीच होणार नव्हतं. ती नागपूरला जाईल, लोक मला आलूवाला बाबा म्हणत राहतील, आणि दोन बायांचं मी खाल्लेलं पचून जाईल. एवढं सोपं होतं म्हणूनच मला भीती वाटली.

सकाळी टपरीवर गेलो. तिचा नवरा होता, दूधवाला होता, आणखी पाच-सात जण. मी बसलो नाही. बसलो असतो तर चहा आला असता आणि चहा आला असता तर बोलणं दुसरीकडं गेलं असतं. मी उभ्यानं म्हटलं की शेजारणीचे आलू माझ्या सांगण्यानं मेले. तिनं मला तीनदा विचारलं आणि तीनदा मी तिला चुकीचं सांगितलं. खालून मारायची हे सांगितलंच नाही.

नवरा म्हणाला, "काकाजी, कीव येऊन राहिली म्हणून बोलता का? तुमच्यापेक्षा जास्त कोणाले समजते आलूचं?"

मग ते सांगावंच लागलं. म्हटलं, "मले काहीच समजत नव्हतं गा. पानं माही बायको पाहे. कवा मारायची थे तीच सांगे. मी फक्त पंप उचलो. सभेत मी खोटं बोललो."

टपरीवाल्यानं स्टोव्ह बारीक केला. मग दूधवाला म्हणाला, "म्हणजे थे शाल वैनीची होती म्हना."

"हो," मी म्हटलं. "तिचीच होती."

कोणी हसलं नाही. हसले असते तर मला सोपं गेलं असतं. तिचा नवरा उठला, पैसे ठेवले आणि माझ्याकडं न पाहता गेला. मला वाटलं, झालं काम वाया. पण चार दिवसांनी तो एकटाच नागपूरला परत गेला. बाडी अधियानं दिली नाही. माझ्या बोलण्यानं की बायकोनं घरात काही म्हटलं म्हणून, ते मी विचारलं नाही. विचारायचा माझा हक्क नव्हता.

मी तिच्याकडं गेलो. ती अंगणात तांदूळ पाखडत होती. टपरीवर बोललो ते सगळं तिला सांगितलं. आधीच कळलेलं होतं तिला. सूप थांबवलं नाही.

"आत्याबाईच्या समोर सांगाले पायजे होतं हे," ती म्हणाली.

मी म्हटलं, हो.

"त्याईले कवाच नाही सांगितलं?"

"नाही."

तिनं सुपातला कोंडा उडवला आणि मला घरी जायला सांगितलं. दुपारची भाजी बंद झाली ती आजपर्यंत बंद आहे. मी करून खातो. ते बरोबरच आहे.

या हिवाळ्यात तिनं पुन्हा आलू लावले आहेत. पंप मी नेऊन दिला. लावायच्या आधी, कार्तिकात एक दिवस ती वही घेऊन आली आणि म्हणाली, आत्याबाई काय काय करत होत्या ते आठवून सांगा. ओट्यावर बसली, मी खाली बसलो. बेणं कापायचं सांगितलं, राख सांगितली, पाणी तोडायचं, झाड उपटून गोणपाटात न्यायचं, पानं कशी उलटी करायची ते हातानं करून दाखवलं. या वेळी हात कोणाचे आहेत ते सांगून दाखवलं. तिनं सगळं लिहून घेतलं. मग विचारलं, काढणीच्या किती दिवस आधी दवाई मारणं बंद करत होत्या, आणि आत शिरणारी दवाई एका हिवाळ्यात किती वेळा चालते.

मला माहीत नव्हतं. ती सांगायची, मी मारायचो. का, ते मी एवढ्या वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. जुनी सवय होती, आभाळाकडं पाहून काहीतरी आकडा तोंडातून निघालाच असता. मी खाली पाहिलं.

"मले माहीत नाही," मी म्हटलं. "मी तिले कवाच इचारलं नाही."

तिनं वहीत तेवढी जागा कोरी सोडली, फोन काढला आणि कृषी ऑफिसात लावला. मी उठून आत गेलो, तिला बोलता यावं म्हणून.